हसन मास्तरांचे वाकडे दात

माझ्या लॅबच्या कपाटात वरच्या फळीवर प्लास्टरचा एक साचा आहे. वरच्या जबड्याचा. समोरचे दोन दात पुढे झुकलेले, त्यातला डावा उजव्यापेक्षा किंचित लांब आणि जरासा आत वळलेला. पेशंटचे साचे आम्ही काही महिने ठेवतो आणि मग टाकून देतो. हा टाकायची वेळ दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मी त्याच्यावरची धूळ पुसली आणि तो परत जागेवर ठेवला.

हे दात हसन मास्तरांचे. मी कुवेतमध्ये हवल्लीतल्या एका दातांच्या दवाखान्यात टेक्निशियन आहे. कवळ्या, टोप्या, अर्धे-मुर्धे दात बनवणं हे माझं काम. जालना जिल्ह्यातल्या परतूरचा मी. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला. वडील मोंढ्यात पोती उचलायचे. पदवीनंतर दात बनवण्याचा दोन वर्षांचा कोर्स केला, तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "म्हणजे डॉक्टर का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बरं, पण सरळ काम कर." ते वाक्य मी फारच मनावर घेतलं होतं, हे मला हसन मास्तर भेटेपर्यंत कळलं नाही.

ते भेटले शिडीवर. आमच्या दवाखान्याला नवे पडदे बसवायला हवल्लीतल्याच एका दुकानातून एक माणूस आला होता. साठीचा, सडपातळ, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, कानामागे पेन्सिल. मी आईशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तसा शिडीवरून आवाज आला.

"घाटावरचे दिसता. तुमच्याकडे नवरीला काय वाजवून काढतात?"

मला प्रश्नच कळला नाही. माझं नाव नाही, गाव नाही, पगार नाही, एकदम नवरी. ते शिडीवरून उतरले, मोजपट्टी गळ्यात टाकली आणि पुन्हा तेच विचारलं. लग्न लागलं, जेवणं झाली, मुलगी निघाली. त्या वेळी तुमचा बँडवाला काय वाजवतो? मी म्हटलं, आमच्या बहिणीच्या वेळी बँड परवडला नव्हता. बायकाच गात होत्या. "काय गात होत्या?" ते आठवत नव्हतं. ते माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मी स्वतःचं नाव विसरलोय.

पुढे कळलं की हा त्यांचा ठरलेला प्रश्न. कुवेतमध्ये ज्या ज्या माणसाशी त्यांची गाठ पडली, त्याला त्यांनी हाच विचारला. इमारतीच्या नेपाळी वॉचमनला, इजिप्तच्या शिंप्याला, आमच्या केरळच्या नर्सला. ती लाजली, पण दुसऱ्या दिवशी आईला विचारून आली आणि पडद्याआड उभी राहून दोन ओळी म्हणून गेली. मास्तरांनी त्या ओळी शिट्टीवर घेतल्या आणि संध्याकाळपर्यंत त्याच चालू. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या, तिसऱ्याच कुणाच्या आल्या. एका सुरावर आठवडाभर टिकलेला हा माणूस मी पाहिला नाही, एक सूर सोडून. त्या सुराबद्दल पुढे सांगतो.

मास्तर श्रीवर्धनकडच्या खाडीकाठच्या एका गावचे. लहानपणी वडिलांबरोबर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे, म्हणून मास्तर. पुढे बँड बसला आणि गावातले निम्मे पुरुष आखातात गेले तसे तेही आले. पडदे शिवणं आणि बसवणं इथेच शिकले. क्लॅरोनेट बरोबर आणलं होतं. जुनं, काळं, दोन ठिकाणी तांब्याच्या तारेने बांधलेलं.

त्यांना बसून वाजवता यायचं नाही. बँडमधल्या माणसाची सवय, म्हणायचे, पाय थांबले की फुंक पोटातच राहते. खोलीत चार माणसं, चार पलंग. मधल्या तीन पावलांच्या जागेत ते येरझाऱ्या घालत वाजवायचे आणि खालचा भाडेकरू काठीने छत ठोकायचा. काही दिवसांनी मास्तर त्याच्या ठोक्याच्या लयीत वाजवायला लागले. तो चिडून वर आला. सीरियाचा होता. दारातच मास्तरांनी त्याला विचारलं, तुमच्याकडे नवरीला काय वाजवून काढतात. अर्ध्या तासाने तो पलंगावर मांडी घालून टाळ्या वाजवत होता. मी तिथेच होतो. पुढच्या शुक्रवारी मात्र त्याने परत छत ठोकलं.

खोलीच काय, त्यांना एका जागी जेवतानाही मी पाहिलं नाही. हातात खबूस, म्हणजे इथली जाड रोटी, घेऊन चालत चालत खायचे. दुकानाच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, त्यांना खुर्ची दिली होती. तिच्यावर कापडाचे तागे असायचे. मला ते "सोनार" म्हणत. मी दातावर बारीक हत्याराने काम करताना बघितल्यापासून तेच नाव पडलं. "काय सोनार, आज किती तोळे?" असं लॅबच्या दारातून विचारत आणि उत्तर ऐकायला थांबत नसत.

आता तो सूर.

मास्तरांच्या गावात त्यांच्या घराला लागून बिन्यामिनकाकांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बंद असायचा, म्हणून त्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणत. मराठी बोलणारी, पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेली ज्यू माणसं. मास्तर लहान असताना ते कुटुंब घाणा विकून इस्राएलला गेलं. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी मास्तरांच्या वडिलांना एक कॅसेट पाठवली. मुलाच्या लग्नाची. नवरीकडची मंडळी मूळची रुमानियाकडची होती आणि त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने लग्नात क्लॅरोनेट वाजवलं होतं. चिठ्ठीत वडिलांना लिहिलं होतं, मास्तर, ऐकून तुमची आठवण आली.

कॅसेटच्या एका बाजूला नाचायच्या जलद चाली होत्या. दुसऱ्या बाजूला तो संथ सूर. नवरीला खुर्चीवर बसवून तिच्यासमोर वाजवायचा, तिला रडू येईपर्यंत. त्या म्हाताऱ्याचं क्लॅरोनेट मधेच हुंदका द्यायचं, माणसाच्या घशासारखं. मास्तर त्याला 'उचकी' म्हणत. "आम्ही बँडवाले सूर ओढतो," ते मला सांगत. "तो सूर तोडतो. तोडून परत जोडतो. मधे एवढीशी फट. त्या फटीत नवरी रडते."

पण कॅसेटच्या त्या बाजूची सुरुवात टेपरेकॉर्डरने खाल्ली होती. सूर मधूनच सुरू व्हायचा. वडील गेले, टेपरेकॉर्डर गेला, मास्तरांच्या डोक्यात तो सूर राहिला आणि सुरुवात कधी आलीच नाही. कॅसेट इस्राएलची, म्हणून त्यांनी ती कुवेतला आणली नव्हती. कोण, कुठली, कशाला, हे विमानतळावर समजावत बसण्यात अर्थ नव्हता. "डोक्यातला सूर कस्टमवाला कसा उघडून बघणार?" एवढंच म्हणाले. इथे कुणी विचारलं हे कुठलं वाजवताय, तर एकच उत्तर, "लग्नातलं आहे." ते खोटंही नव्हतं.

मी शिकलेला माणूस, म्हणून मी शोधलं. अशा संगीताला क्लेझमर म्हणतात, पूर्व युरोपातले ज्यू वादक गावोगाव लग्नांत वाजवत फिरायचे, हे सगळं वाचून एका शुक्रवारी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. फोनवर कितीतरी वादक ऐकवले. ते खोलीत चकरा मारत सगळं ऐकत होते. दोन-तीनदा थांबले, मान हलवली, "हा चांगला आहे, याची उचकी बघ" असं म्हणाले. मला वाटलं, काम झालं. सगळं ऐकून फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "आपला म्हातारा यात नाही." आणि लगेच बूट घालून बाहेर पडले. मला वाईट वाटलं. मी त्यांना पत्ता शोधून दिला होता आणि त्यांना तो नको होता.

त्यांना सुरुवात हवी होती, आणि ती त्यांना कुठूनही चालणार होती. म्हणून तर तो प्रश्न. प्रत्येकाच्या नवरीचं गाणं घ्यायचं, त्याचं तोंड त्या सुराला लावून बघायचं, जुळतंय का. नेपाळचं लावलं, सीरियाचं लावलं. पाच-सहा दिवस खूश, मग परत बेचैन. "सांधा दिसतो," म्हणायचे. पडद्यांचा माणूस. शिवण दिसली की उसवायचा.

एकदा एका म्हाताऱ्या कुवेती गृहस्थाच्या दिवाणियात पडदे बसवायला गेले होते. दिवाणिया म्हणजे पुरुषांची बैठकीची खोली. मी बरोबर होतो, कारण त्या गृहस्थांची कवळी मीच केली होती आणि ती टोचत होती म्हणून आमच्या डॉक्टर मॅडमनी मला त्यांच्या घरी पाठवलं होतं. मी कवळी घासतोय, मास्तर शिडीवर, आणि म्हातारबाबा कवळीशिवाय काहीतरी गुणगुणतायत. त्यांचे वडील मोती काढायच्या गलबतावर होते. शीड ओढतानाचं गाणं. खालून एक जड घोगरा सूर आणि मधे टाळी. मास्तरांचे हात थांबले. त्यांचे आजोबाही गलबतावर खलाशी होते, मुंबईहून बसऱ्यापर्यंत जायचे. शिडीवरूनच त्यांनी आपल्या आजोबांचं वल्ह्याचं गाणं सुरू केलं. म्हातारबाबांनी मान वर केली. त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं, जुन्या कुवेती माणसांना येतं. "नाखुदा कौन था?" त्यांनी विचारलं. नाखुदा म्हणजे गलबताचा कप्तान. मास्तर म्हणाले, तो तुमच्याकडचाच असणार, आमचे फक्त ओढणारे. म्हातारबाबा बिनदातांचं मोठ्याने हसले. त्या दिवशी पडदे अर्धेच लागले. मुदीरने मास्तरांना बोलणी दिली आणि मास्तरांनी ती चालत चालत ऐकली.

त्या शीड ओढायच्या गाण्याचीही सुरुवात लावून बघितली त्यांनी. वफ्राच्या शेतांवर. दक्षिणेला वाळवंटात काचघरं आणि खजुराच्या बागा आहेत. त्यांच्या गावचा एक जण तिथे पाण्याच्या पंपावर होता. शुक्रवारी आम्ही त्याच्याकडे जायचो, कारण तिथे मास्तरांना चालायला जागा होती. खजुराच्या दोन रांगांमधून ते वाजवत लांबवर जायचे, एवढेसे व्हायचे आणि वाजवतच परत यायचे. काचघरांतली बिहारी आणि बांगलादेशी मुलं जलद चाली लागल्या की बाहेर येऊन नाचायची. मी एका झाडाखाली बसायचो. मला नाचता येत नाही.

तिथेच एकदा मला आईचं आठवलं. माझ्या बहिणीच्या लग्नात बायका काय गात होत्या ते नाही, पण आई पहाटे जात्यावर म्हणायची ती एक ओवी. मी हळू म्हणून दाखवली. माझा आवाज चांगला नाही. मास्तर माझ्याभोवती फिरत ऐकत होते. म्हणाले, "परत." परत म्हटली. "परत." सात-आठ वेळा झाल्यावर त्यांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि ओवीतून सरळ त्या सुरात उतरले. मला सांधा दिसला नाही. त्यांना दिसला असावा, कारण शेवटाला थांबून म्हणाले, "जवळ आहे." एवढंच. तो दिवस मी विसरणार नाही. आमच्या घरातली एक गोष्ट कुणालातरी कामाची वाटली होती.

मास्तरांना दोन मुली. मोठीच्या लग्नाला कफीलने सुट्टी दिली नाही. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला इथला परवाना असतो तो. मास्तरांनी इथल्या आपल्या खोलीतून फोनवर वाजवलं आणि तिकडे कुणीतरी फोन लाऊडस्पीकरला लावून धरला. नंतर मुलगी म्हणाली, अब्बा, नुसती खरखर आली, पण मी रडले. मास्तरांनी तेव्हाच धाकटीला, सुमय्याला शब्द दिला की तुझ्यासमोर उभा राहून वाजवीन. तो सूर, पुरा.

गेल्या वर्षी दोन गोष्टी बरोबर घडल्या. सुमय्याचं लग्न ठरलं, आणि मास्तरांचा अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, यापुढे वाढणार नाही असं दुकानाने सांगितलं. लग्नाला नऊ आठवडे होते. मास्तर म्हणाले, बरं झालं, आता सुट्टी मागायला नको. आणि त्याच आठवड्यात ते माझ्या लॅबच्या दारात उभे राहिले, पण किती तोळे ते विचारलं नाही. वरचे पुढचे दात अंगठ्याने हलवून दाखवले. हलत होते.

साखरेचा आजार जुना होता, हिरड्या गेल्या होत्या. आमच्या डॉक्टर मॅडम पुण्याच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, चार दात काढावे लागतील आणि खोटे बसवावे लागतील. मास्तरांनी विचारलं, वाजवता येईल? मॅडम म्हणाल्या, जेवता येईल हे मी लिहून देते, वाजवण्याचं मला माहीत नाही. क्लॅरोनेट वाजवणारा वरचे दात माउथपीसवर घट्ट टेकवतो. सगळा डोलारा त्या दोन दातांवर असतो. हे मास्तरांनी आम्हाला तिथेच करून दाखवलं, हलत्या दातांनी, एक हात जबड्यावर धरून. उचकी आली, पण कापरी आली.

दात काढायच्या आधी मी जबड्याचं माप घेऊन साचा केला. तोच हा साचा. मग दात काढले, जखम भरली, मी कामाला लागलो.

आता मी काय केलं ते सांगतो. या माणसाने मला परक्या देशात आपलं म्हटलं होतं. त्याच्या मुलीचं लग्न होतं, फोटो निघणार होते, बायको सकीनाभाभी कितीतरी वर्षांनी नवऱ्याला कायमचा घरी बघणार होती. मी ठरवलं, असे दात करायचे की आजपर्यंत केले नाहीत. जुना साचा समोर होता. त्यातले पुढे झुकलेले, वळलेले दात बघून मला वाटलं, बिचाऱ्यांनी जन्मभर हे वाकडेपण सांभाळलं. मी चारही दात एका रेषेत बसवले. रंग त्यांच्या बाकीच्या दातांशी तंतोतंत मिळवला. दुपारच्या सुट्टीत घरी न जाता चार दिवस नुसतं घासत होतो. मॅडम बघून म्हणाल्या, हे तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे. मी त्याचा फोटो काढून वडिलांना पाठवला.

मास्तरांनी ते दात बसवले, आरशात बघितलं आणि खूश झाले. तरणे दिसत होते. मला म्हणाले, "सोनार, भाभी मला ओळखणार नाही." आणि गेले.

मग आठ दिवस आले नाहीत. फोन उचलेनात. शुक्रवारी मी खोलीवर गेलो. खोलीतले बाकीचे तिघे मशिदीत गेले होते. मास्तर पलंगावर बसले होते. नुसते बसले होते. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला भीती वाटली.

त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत. क्लॅरोनेटचा माउथपीस काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, नखाने बघ. मी वरच्या उतारावरून नख फिरवलं. तिथे दोन खोबणी होत्या. एक थोडी खोल, तिरपी. दुसरी तिच्यामागे, उथळ. काळ्या कडक रबरात चाळीस वर्षं चावून चावून दातांनी कोरलेल्या.

"तुझे दात चांगले आहेत," ते म्हणाले. "पण यात बसत नाहीत. घसरतात. मी नवीन ठिकाणी टेकवून बघतो, मग ओठ जागा सोडतो. सूर येतो रे. उचकी येत नाही."

मी नवा माउथपीस घेऊ म्हटलं. त्यांनी मान हलवली. नवा वश करायला वर्ष जाईल. लग्नाला तीन आठवडे होते आणि त्यांचं तिकीट बारा दिवसांवर.

"मला विचारायचं होतंस," ते म्हणाले. तेवढंच बोलले, पण मला तिथे उभं राहवेना. जबड्याचा साचा माझ्यासमोर होता. दात वाकडे का झाले, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ते वाकडेपण दोष समजून मी दुरुस्त केलं होतं.

मी माउथपीस खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या थोडा वेळ त्या खोबणींवरून बोट फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, मग याच्यावरूनच माप घे की. दवाखाना दुपारी एक ते चार बंद असतो. त्या वेळात मास्तरांना बोलावलं. मी जुन्या साच्याप्रमाणे चार दात मेणात बसवून ठेवले होते, वाकडे तसे वाकडे. मेण कोमट होतं. मॅडमनी ते त्यांच्या तोंडात बसवलं, मी माउथपीस दिला आणि म्हटलं, वाजवताना धरता तसा धरा. मास्तरांनी डोळे मिटले. दात मेणात सरकले. पहिल्यांदा जास्त सरकले, ते काढलं, परत गरम केलं. दुसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, चालत चालत धरा. मास्तरांनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं आणि खुर्चीवरून उठले. दवाखान्याच्या त्या लांब बोळात, स्वतःच लावलेल्या पडद्यांखालून, तोंडात मेणाचे दात आणि नुसता माउथपीस धरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि आले. वाटेत न राहवून त्यांनी फुंकलंच. बदकासारखा आवाज आला. केरळची नर्स जेवणाचा डबा ठेवून बघायला आली. मी दात काढून पाहिले. डावा आत वळला होता, साच्यात होता त्याहूनही थोडा जास्त.

तो वाकड्या दातांचा जोड मी दीड दिवसात पुरा केला. दिसायला तो फार वाईट होता. मास्तरांनी घातला, माउथपीस लावला, वरचे दात खोबणीत बसल्याचा टक असा बारीक आवाज झाला. तो मीही ऐकला.

पण सगळं जमलं असं नाही. खालचे सूर आले. उचकी आली. सगळ्यात वरच्या सुरावर हवा सुटत होती, फुस्स. खऱ्या दाताला हिरडीत मुळं असतात, खोट्याला तारेची पकड. मी पकड दोनदा घट्ट केली. तिसऱ्यांदा केली असती तर शेजारचा दात दुखला असता. मास्तर रोज यायचे, दारात उभे राहायचे, वाजवायचे, फुस्स व्हायचं, निघून जायचे. पहिला सुंदर जोड त्यांनी एका डबीत खिशात ठेवला होता. भाभीने बजावलं होतं की फोटोत सरळ दात पाहिजेत. एक तोंडासाठी, एक बाजासाठी, असं ते सगळ्यांना सांगत. हसत सांगत, पण पाय थांबत नसत.

जायच्या दिवशी सकाळी दवाखान्यात आले. मी लॅबचा कोट काढून खाली पोहोचवायला गेलो. मनात बोलायचं ठरवलं होतं, आभार आणि माफी, दोन्ही. टॅक्सी अजून आली नव्हती. मास्तर दोन गाड्यांच्या मधल्या जागेत येरझाऱ्या घालत होते, तोंडात नुसता माउथपीस, वरचा सूर शोधत. बकाल्यातला, म्हणजे खालच्या किराणा दुकानातला पोरगा, येणारे-जाणारे बघत होते. मी जवळ गेलो तर त्यांनी एक बोट वर केलं, थांब. मी थांबलो. टॅक्सी आली. माउथपीस काढून म्हणाले, "ओवीचं तोंड लावू की खलाशांचं?"

मी म्हटलं, "तुम्हाला वाटेल ते, मास्तर."

"मला रोज वेगळं वाटतं," ते म्हणाले आणि बसले. टॅक्सीत ते बसलेले मला दिसले, पण गुडघे हलत होते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर एक व्हिडिओ आला. त्यांच्या पुतण्याने काढलेला. मी लॅबचं दार लावून घेतलं.

व्हिडिओ सुराच्या मधूनच सुरू होतो. पोराने बटण उशिरा दाबलं होतं. मांडवात सुमय्या खुर्चीवर बसलेली, मान खाली. मास्तर तिच्यासमोर उभे नाहीत, तिच्याभोवती चालतायत. वाजवत वाजवत चित्राच्या बाहेर जातात, नुसता सूर राहतो, दुसऱ्या बाजूने परत येतात. पोरगा त्यांच्यामागे फोन फिरवतो, तोवर ते पुन्हा बाहेर. वरच्या सुरावर हवा सुटते. ऐकू येते, फुस्स. मास्तर तिथेच सूर तोडतात, ती एवढीशी फट ठेवतात आणि खालून परत जोडून घेतात, जणू तो तसाच वाजवायचा असतो. सुमय्याची मान तेव्हा वर येते. ती आधी रडते, मग बापाकडे बघून हसायला लागते, आणि शेजारी उभ्या सकीनाभाभी पदराने तोंड झाकतात.

मी लगेच फोन केला. मागे भांडी आवरल्याचे आवाज येत होते. विचारलं, सुरुवात काय केलीत, व्हिडिओत नाही.

"नाही का?" ते म्हणाले. पुतण्याला हाक मारून दोन शिव्या घातल्या. मग म्हणाले, "ती वाजवून झाली, सोनार."

"पण कुठली होती? ओवी?"

"काल ती बरी वाटली," एवढंच म्हणाले. कुठली ते नाही. मग म्हणाले, आज सकाळी दुसरी सुचली आहे. शेजारच्या गावात एकाचं लग्न आहे, तिथे लावून बघतो. आणि फोन भाभींकडे दिला. भाभींनी माझी तक्रार माझ्याकडेच केली. सरळ दातांची डबी शेरवानीच्या खिशातच राहिली म्हणे, आणि एकूण एक फोटोत हा माणूस वाकड्या दातांनी हसतोय.

आता माझ्याकडे नवीन पेशंटचं काम आलं की मी डॉक्टर मॅडमच्या कागदावर खाली एक ओळ लिहून विचारतो, हा माणूस तोंडाने काय करतो. शिंपी असेल तर दोरा दाताने तोडत असेल. बहुतेक वेळा उत्तर येतं, काही नाही, जेवतो.

तो व्हिडिओ मी अजून बघतो. शेवटच्या दोन-तीन सेकंदांत सूर संपलेला असतो. मास्तर पोराकडे, म्हणजे माझ्याकडे, बघून तोंड भरून हसतात. समोरचे दोन दात पुढे झुकलेले, डावा थोडा लांब, आत वळलेला. आणि हसू पुरं व्हायच्या आतच ते वळतात, माउथपीस परत ओठांत धरतात आणि मांडवाच्या बाहेर चालायला लागतात.